बुटातली चिठ्ठी

राव सार तुम्हाला कँटीनमध्ये भेटले तर विचारतील, "तुम्हांस काय पाहिजे? कापी, चहा, अन्य कांही, की सांगतां येत नाही?" यात विनोद नसतो. चारही पर्याय ते सारख्याच गंभीरपणे म्हणतात आणि उत्तर येईपर्यंत तुमच्याकडे बघत राहतात. एकदा मी गडबडीत "सांगता येत नाही" म्हटलं, तर त्यांनी खरंच माझ्यासाठी काही आणलं नाही.

हा आमच्या खात्याचा रोग, फक्त त्यांच्या अंगात फार मुरला. चेन्नईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात आम्ही शेजारी-शेजारी बसतो; इथे 'सर'चं 'सार' होतं. पेशंटच्या फायलीत डॉक्टरांनी अर्धवट लिहिलेलं त्यांच्याचकडून पूर्ण करून घ्यायचं, हे आमचं काम. 'ताप' लिहिलंय, तर कसला ताप? त्यासाठी डॉक्टरांना जो प्रश्न पाठवायचा त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. नियम एकच: उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. 'हा डेंग्यूच ना?' असं विचारणं म्हणजे गुन्हा. सगळे पर्याय द्यायचे, शेवटी 'अन्य' आणि 'सांगता येत नाही' ठेवायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं डॉक्टरांना आमच्याहून जास्त जमतं. कॉम्प्युटरवर क्वेरी पाठवा, मग आठवण पाठवा, मग आठवणीची आठवण पाठवा, पलीकडे शांतता. नवऱ्याची चेन्नईच्या कारखान्यात बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा पहिल्या महिन्यातल्या माझ्या झाडून सगळ्या क्वेऱ्या तशाच पडून होत्या. मी रडकुंडीला आले.

तेव्हा राव सार मला ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर घेऊन गेले. तिथे डॉक्टर आपली पादत्राणं काढतात आणि आतल्या स्लिपर घालतात.

"डॉक्टर कोठेंही जाईल," ते म्हणाले, "पण बुटाकडे येईल."

आणि त्यांनी क्वेरीची घडी एका काळ्या डाव्या बुटात उभी खोचली. पाय घालायचा तर कागद काढावा लागतो, काढला की वाचला जातो, आणि समोर राव सार पेनाचं टोपण काढून बसलेले. हाडांचे डॉक्टर बाहेर आले, "एन्न सार, इन्नैक्कुमा?" म्हणजे आजही का, असं कण्हले आणि लिहून मोकळे झाले.

कुठला बूट कुणाचा हे राव सारना तोंडपाठ. कुणी नवे घेतले की यांचा दिवस खराब. "न सांगतां बदलिले," असं दुखावलेल्या आवाजात मला सांगत. एक सर्जन या चिठ्ठ्यांना कंटाळून बूट पिशवीत घालून आत न्यायला लागले. राव सारनी त्यांना वाढदिवसाला छान कापडी पिशवी दिली. तिला बाहेरून खिसा होता, आणि खिशात क्वेरी होती.

त्यांची मराठी तंजावरची, जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी, मधूनमधून तमिळची फोडणी. माझी मराठी ऐकून ते खूश होत, पण "चांगली आहे, आमची नव्हे," एवढं म्हणायचे. लग्न केलं नाही. इथेच वेलचेरी भागात थोरल्या बहिणीबरोबर राहतात. तिला सगळे अक्का म्हणतात.

या अक्कांच्या मानेतली गाठ गेल्या महिन्यात आमच्याच इस्पितळात काढली. सर्जन डॉ. कल्पगम 'रिपोर्ट आला की सांगते' म्हणाल्या आणि परिषदेला दिल्लीला गेल्या. रिपोर्ट आला, पण 'इतर तपासण्यांशी ताडून सर्जनने ठरवावे' यापलीकडे माझ्या पदरात काही पडलं नाही. डॉक्टर परत आल्या, तरी फायलीत निदानाची जागा कोरीच. राव सारनी सरळ जाऊन विचारलं असतं तर कोण अडवणार होतं? पण ते गेले नाहीत. घरच्या माणसाची फाईल आपण हाताळायची नाही, हा नियम त्यांनी चार दिवस पुढे केला. बाकाकडे फिरकलेही नाहीत. कँटीनमध्ये मला नुसतंच "कापी?" म्हणाले, तेव्हा मी घाबरले.

चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "सुनंदा, ती क्वेरी तूं कर."

मी केली. साधी गाठ, कर्करोगाची गाठ, अन्य, सांगता येत नाही. सवयीने तपासायला त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि दुसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला.

"हा एक काढितां येईल काय?"

मला हे सगळे नियम शिकवले ते याच माणसाने. तरी मी म्हटलं, "काढते."

अंगठा बराच वेळ तिथेच होता. मग त्यांनी तो उचलला. "नको. असूं दे. काढिला तर उत्तर खरें वाटणार नाही."

बाकावर मी एकटीच गेले. डॉ. कल्पगमच्या सँडलला नुसते पट्टे, खोचायला जागाच नाही. कशीबशी घडी पट्ट्यात अडकवली आणि बसून राहिले. डॉक्टर बाहेर आल्या, कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "अय्यो, मी त्यांना सांगितलंच नाही का?" उभ्या-उभ्याच पहिल्या पर्यायावर खूण केली, खाली 'साधी गाठ, कर्करोग नाही' असं लिहिलं आणि सही केली. मी लिफ्टची वाट न बघता तीन जिने उतरले.

राव सारनी कागद दोनदा वाचला. सहीखालची तारीख तपासली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रुमालात तोंड लपवलं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मीही रडून घेतलं.

"अक्कांना फोन करा," मी म्हटलं.

"फोनवर तिला ऐकूं येत नाही." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "चार दिवस ती काय बोलिली तरी मी सरी, सरी, बरें, बरें म्हणतों. पंखा बंद कर म्हणाली, सरी. सांबारांत मीठ नव्हतें, तरी सरी. एकदांही भांडलों नाही. तिला कळलें असेल." चष्मा परत डोळ्यांवर चढवताना ते म्हणाले, "आमच्या मराठींत माझ्याशी भांडायाला तिच्यावांचून कोण आहे, सांग."

त्यांनी डबा आवरला, खुर्ची आत सरकवली. इतक्या वर्षांत कधी वेळेआधी न निघालेले राव सार त्या दिवशी साडेतीनलाच, घाईघाईने, भांडायला घरी गेले.