आत्या नाकासमोर चालते

छोट्याला शेवटी भिंतीवरून खाली उतरवण्यात आलं. शिडी रंगाऱ्याची होती, धीर दातांच्या डॉक्टरांनी दिला आणि सूचना आत्याच्या होत्या. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण घरातली अधिकृत भूमिका अशी आहे, की त्या रविवारी कुठलीही भिंत नव्हती, आणि असलीच तर छोट्या तिच्यावर नव्हता.

तर, काहीही न घडण्याची सुरुवात अशी झाली.

आत्या रोजच्यासारखी संध्याकाळी फिरायला गेली आणि वाहतूक पोलिसाच्या मोटारसायकलवर मागे बसून परत आली. पोलिसाने तिला फाटकापाशी उतरवलं, सलाम केला आणि निघून गेला. घरात तातडीची बैठक भरली. घरात माणसं तीनच, आत्या, तिचा भाचा छोट्या आणि छोट्याची बायको. त्यामुळे कोरमची अडचण नव्हती.

"आत्या, तू हरवलीस," छोट्या म्हणाला.

"मी नाही हरवले. कोपरा हरवला."

"कोपरा कसा हरवेल?"

"थिएटरच्या कोपऱ्यावरून मी रोज डावीकडे वळते. थिएटर पाडलं मेल्यांनी. कोपराच ठेवला नाही, तर माणसाने वळायचं कशावरून? गेले सरळ."

हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून त्याचा कोणी विचार केला नाही. आत्याचा अख्खा जन्म पोस्टात पत्रं लावण्यात गेला होता. अर्धवट पत्ता, पुसट पत्ता, प्रेमात पडलेल्या माणसाने लिहिलेला पत्ता, काहीही आलं तरी ती नजर टाकायची आणि पत्र बरोबर त्या खणात जाऊन पडायचं. अशा बाईला "तुला घर सापडत नाही" म्हणणं म्हणजे माशाला पोहण्याचा क्लास लावण्यासारखं होतं.

छोट्या मात्र विमा कंपनीत दावे तपासायचा. नाव छोट्या असलं तरी त्याचं कपाळ घरातल्या प्रत्येक चौकटीला एकदा तरी लागलेलं होतं. जगात साबणावरून पडलेली, खुर्चीतून पडलेली आणि नुसती उभी असताना पडलेली जेवढी माणसं होती, तेवढी त्याच्या टेबलावरून गेली होती. त्याने निकाल दिला. यापुढे आत्याने एकटीने बाहेर पडायचं नाही. पाय मोकळे करायचे तर सोसायटीच्या आवारात, सूनबाईंबरोबर.

"गोल गोल?" आत्याने विचारलं.

"हो."

"घाण्याच्या बैलासारखं?"

"आत्या, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"बैलालाही असंच सांगतात."

कोंडी फोडली सूनबाईंनी. त्यांच्या भावाला लग्नाआधी डोंगर चढायचा नाद होता. लग्नानंतर नाद गेला, पण डोंगरात हातात धरायचं जीपीएसचं यंत्र राहिलं. पिवळं, साबणाच्या वडीएवढं, वर बोटाएवढी अँटेना. त्यात जागा साठवून ठेवायची, मग ते बाण दाखवतं आणि अंतर सांगतं. "आत्यांना हे द्या," त्या म्हणाल्या. "पोचल्या तर पोचल्या. मला काही त्या आवारात गोल फिरायचं नाही."

मग करार ठरला. टेकडीवर पाण्याची टाकी होती. पूर्वी ती गच्चीतून दिसायची. समोर इमारत उभी राहिल्यापासून टाकी आहे यावर फक्त विश्वास ठेवावा लागायचा. शनिवारी छोट्याने गाडीने वर जाऊन टाकीची जागा यंत्रात साठवली. रविवारी सकाळी आत्याने फाटकातून निघून टाकीला हात लावायचा. जमलं तर पुन्हा हा विषय घरात निघणार नाही. नाही जमलं तर आवार. परीक्षक म्हणून छोट्या मागून चालणार.

"रस्ता कुणालाही विचारायचा नाही," छोट्याने अट घातली. "आणि बाण दाखवेल तसंच जायचं."

"तसंच?"

"तंतोतंत तसंच."

अट अशी घालावी की समोरच्याला ती पाळता येऊ नये, हे तो नोकरीत शिकला होता. समोरचा ती खरोखर पाळायला लागला तर काय करावं, हे कंपनीने शिकवलं नव्हतं.

रविवारी आत्या फाटकात उभी राहिली. यंत्राने आकाशातले उपग्रह गोळा केले. रस्ता उजवीकडे जात होता. बाण समोर, पलीकडच्या इमारतीच्या मागच्या अंगणात जात होता. आत्या बाणाबरोबर गेली.

"आत्या, रस्ता इकडे आहे."

"मला ठाऊक आहे. बाण तिकडे आहे."

"अगं, तो सरळ रेषा दाखवतो. डोंगरात मधे घरं नसतात ना. थांब जरा."

"थांबता येत नाही," आत्या चालता चालता म्हणाली. "पुस्तिका वाचली मी, भिंग लावून. चालत असलं तरच बाण खरा. थांबलं की वेड्यासारखा फिरतो. तुला बोलायचं असेल तर बरोबर चाल."

अंगणात एक बाई चादरी वाळत घालत होत्या. आत्या ठेंगणी, चादरीखालून निघून गेली. छोट्या चादरीतून गेला, म्हणजे चादरही त्याच्याबरोबर गेली.

"अहो, माझी चादर," बाई तोंडातला चिमटा काढून म्हणाल्या.

"देतो, देतो. आत्या, थांब ना."

"थांबत नाही म्हटलं ना. बाई, तुम्हीही या. पुढे कुठेतरी तो चादरीतून बाहेर येईलच."

बाई चादरीचं टोक धरून निघाल्या.

पुढे दातांचा दवाखाना होता. डॉक्टर रविवारी फक्त अगदीच दुखणारे दात बघायचे. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. त्यांना नुकतंच बधिर केलं होतं. दार उघडून आत्या आत आली आणि त्याच क्षणी छपराखाली उपग्रह गेले. पडद्यावर यंत्राने हात टेकले. आत्याने स्वतःचा हात पुढे ताठ केला.

"आजी, अपॉइंटमेंट आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजी नाही, आत्या. हाताला धक्का लावू नका, दिशा सांडेल. मागचं दार उघडा."

"ते आम्ही वापरत नाही."

"मग आज वापरा."

"हे बघा, हा दवाखाना आहे. इथून असं आरपार जाता येत नाही."

"पुढे दार आहे, मागे दार आहे. बांधणाऱ्याच्या मनात दुसरं काय असणार?"

डॉक्टरांना याला सणसणीत उत्तर द्यायचं होतं. उत्तर तोंडाशी आलंही होतं. पण तोवर आत्याने कडी काढली होती आणि ती बाहेरही पडली होती, म्हणून ते उत्तर घेऊन मागे धावले. त्यांच्या हातात दात बघायचा आरसा होता. डॉक्टर गेले हे पाहून खुर्चीतले गृहस्थ उठले आणि गळ्यातला कागदी रुमाल सांभाळत डॉक्टरांमागे निघाले. अर्धा जबडा झोपलेल्या माणसाने एकटं राहू नये.

अशी ती वरात टेकडीच्या चढाला लागली. सगळ्यात पुढे आत्या, मग आरसा, मग रुमाल, आणि सगळ्यात मागे चादरीने एकमेकांना जोडलेले छोट्या आणि बाई. प्रत्येकाची आत्याबद्दल रीतसर तक्रार होती आणि ती ऐकवायला प्रत्येकाला चालावं लागत होतं. चढावर तक्रार करायची तर श्वास लागतो. श्वास पुरवून वापरावा लागत असल्यामुळे हळूहळू सगळे गप्प झाले.

छोट्याने चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि आत्याला गाठलं. लोक आपल्याकडे बघतायत या जाणिवेने त्याचे कान लाल झाले होते.

"आत्या, पुरे झालं. चल घरी. मी तुला पास करतो."

आत्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. "तू पास करू नकोस. मी पोचते."

"अगं, पण हट्ट कशाला?"

"शेगडी बदललीत, म्हटलं बदला. गच्चीची किल्ली काढून घेतलीत, म्हटलं घ्या. फोनवर बोलताना तू बाजूला उभा राहतोस, तेही चालवून घेतलं. आता पाय उरलेत. ते मी देणार नाही."

छोट्या चादर सावरत मागून चालत राहिला.

मग भिंत आली. टाकीच्या आवाराची भिंत. पुरुषभर उंचीहून जास्त. फाटक कुठेतरी वळसा घालून होतं. बाण भिंतीतून जात होता. एक रंगारी शिडी लावून तिला पिवळा रंग देत होता.

"दादा, जरा उतरता का?" आत्या शिडीपाशी जागच्या जागी पाय हलवत म्हणाली. रंगारी उतरला. असल्या आवाजाला का म्हणून विचारायचं नसतं. आत्या शिडी चढली. वर पोचली, पलीकडे रेतीचा ढीग होता, त्यावर बसली आणि घसरून गेली. यंत्र डोक्यावर धरलेलं. बाण जराही हलला नाही.

आता परीक्षकाला जाणं भाग होतं. छोट्याने चादर परत केली, चढला, भिंतीवर टांग टाकली आणि खाली बघितलं. तिथे त्याला गेल्या वर्षीची भिंतीवरून पडलेल्या माणसाची केस आठवली. दावा त्यानेच नामंजूर केला होता. कारणात 'स्वेच्छेने चढला' असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. छोट्या जिथल्या तिथे गोठला. रंगाऱ्याला पुढचा पट्टा रंगवायचा होता. त्याने शिडी उचलून पुढे नेली.

एवढ्यात सूनबाईंचा फोन आला.

"अहो, कुठे आहात?"

"भिंतीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

छोट्याने इकडेतिकडे पाहिलं. शनिवारी तो गाडीने फाटकातून आला होता, ही बाजू त्याने पाहिलीच नव्हती आणि टाकी इथून झाडांआड होती. सगळ्या इमारतींच्या पाठी दिसत होत्या, ओळखीची एकही नव्हती. निम्मा प्रवास चादरीत झाला होता. "पिवळ्या," तो म्हणाला.

"म्हणजे कुठे आहात ते माहीत नाही?"

"तसं नाही म्हणता येणार."

"मग कसं म्हणता येईल? कुणाला तरी विचारा ना."

छोट्याने रंगाऱ्याला विचारलं. "मला टेम्पो सोडतो, टेम्पोच नेतो," रंगारी म्हणाला. डॉक्टर म्हणाले, ते त्यांच्या दवाखान्याच्या मागे आजवर कधी आलेच नव्हते. बधिर गृहस्थ सविस्तर बोलले, पण कुणाला कळलं नाही. शेवटी छोट्याने भिंतीवरून हाक मारली.

"आत्या, आपण कुठे आहोत गं?"

आत्याने टाकीला हात लावला होता. यंत्राने पोचल्याची शिट्टी वाजवली. ती शांतपणे परत आली, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"परीक्षकच रस्ता विचारायला लागला," ती म्हणाली. "उजवा पाय आधी. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. दादा, शिडी या बाजूला द्या."

डॉक्टर पलीकडून "अगदी दुखणार नाही" असं सवयीने म्हणत राहिले. छोट्या उतरला. आत्या आता थांबलेली होती, तेव्हा डॉक्टरांना बोलायची संधी होती. पण ते सणसणीत उत्तर त्यांच्याकडून चढावरच सांडलं होतं.

संध्याकाळी पुन्हा बैठक भरली. ज्याला आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही त्याने एकट्याने बाहेर पडू नये, हा छोट्याचाच ठराव होता. तो दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. आता रोज सकाळी आत्या त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला जाते. रस्त्याने जाते, कारण त्याला कडेवर घेऊन भिंत चढता येत नाही. पण रविवार तिचा असतो आणि रविवारी ती बाणानेच जाते. त्यात एकच अडचण उरली होती, आणि तिचा पाठपुरावा तिने सोमवारीच सुरू केला:

'मा. मुख्य अधिकारी, बांधकाम विभाग, यांस. अर्जदार दर रविवारी सकाळी सरळ रेषेत टाकीकडे जात असते. वाटेतील दातांच्या दवाखान्याच्या छपरामुळे आकाशातील उपग्रह दिसेनासे होतात व अर्जदारास हात ताठ धरून जावे लागते. वयोमानानुसार हात दुखतो. तरी सदर छप्पर दर रविवारी सकाळी काढून ठेवण्याचे व अर्जदार गेल्यावर पुन्हा बसवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. सोबत डॉक्टरांची हरकत जोडली आहे. ती विचारात घेऊ नये.'