गुडघ्याचे चार, पोटरीचे अकरा

रस्त्यात खड्डा दिसला की माणूस तो चुकवतो. आमचे बाळूतात्या टेम्पो बाजूला घेत, धोतर सावरत आणि सरळ खड्ड्यात उतरून उभे राहत. मग टेम्पोत बसलेल्या मला ओरडून सांगत, "पोटरीचा हाय, मास्तर!"

मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, सायखेड्याला शाळामास्तर होतो. शनिवारी तात्यांच्या द्राक्षांबरोबर नाशिकला घरी जायचो. त्यांच्या शास्त्रात खड्ड्यांचे तीनच प्रकार: घोट्याचा, पोटरीचा आणि गुडघ्याचा. कचेरीत अर्जही त्यांनी तसाच दिला. 'गुडघ्याचे चार, पोटरीचे अकरा, घोट्याचे मोजले नाहीत.' साहेब म्हणाले, फूट-इंचात लिहून आणा. तात्या म्हणाले, "सायेब, तुम्हीच चला की. तुमचा गुडघा धरू."

अर्ज तिथंच राहिला. मग तात्या स्वतःच मुरूम टाकून, धुम्मसानं ठोकून खड्डे बुजवायला लागले. वर पाणी मारायचे आणि भर रस्त्यात हात पसरून ट्रकवाल्यांना अडवायचे, "ओला हाय! दोन दिस इकडून येऊ नका!" ट्रकवाले त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढे जात. द्राक्षाचा मणी गळू नये म्हणून म्हाताऱ्यानं रस्ता दत्तक घेतलाय, असं गाव म्हणायचं. मीही गावाबरोबर हसायचो.

एका वर्षी त्यांनी बाग व्यापाऱ्याला जागेवरच दिली. टेम्पो अंगणात उभा, तरी तात्या घमेलं घेऊन रस्त्यावर! मी म्हटलं, "आता कुणाचे मणी गळतायत?"

"द्राक्षांचं कोण बोललं?" तात्या म्हणाले. "हिच्या पाठीचं आप्रेशन झालं ना. डॉक्टर म्हनला, दणका बसता कामा नये. तिची आई तिकडं पंचवटीत अंथरुणाला खिळलीय. दोन वर्सं मायलेकींची गाठ नाय."



मे महिन्यात शेवटचा खड्डा बुजला. टेम्पोत दोन गाद्या टाकून काकूंना निजवलं, मी उशाशी बसलो. बैलगाड्यांनासुद्धा पुढे जाऊ देत आम्ही निघालो. दर फर्लांगाला पुढून आवाज यायचा, "दुखलं का गं?" शेवटी काकू वैतागल्या, "रस्ता नाय दुखत, तुमचं इचारणं दुखतंय!"

पंचवटीत मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. तात्या उंबऱ्याबाहेरच थांबले. माझ्या इतक्या दिवसांच्या हसण्याची मला लाज वाटली. आतून म्हातारीनं विचारलं, "जावईबापू, परत कधी आणाल हिला?"

"दर महिन्याला!"

मी हळूच म्हटलं, "तात्या, पावसाळा तोंडावर आलाय. सगळे खड्डे पुन्हा उघडतील."

"उघडू द्या की," तात्या डोळे पुसत म्हणाले. "मी कुठं मरतोय?"