कुठं पोचवायचं?

"या पुण्यात बौद्ध माणसाइतकं स्वस्तात कुणी मरू शकत नाही!"

असं दशरथ रणपिसे गुरुजी छातीवर हात ठेवून सांगत. नुसतं सांगत नसत, बोटांवर मोजून हिशेब देत. पांढरं कापड, पांढरी फुलं, दोन मेणबत्त्या, अगरबत्तीचा एक पुडा. त्रिशरण-पंचशील म्हणायला पैसे पडत नाहीत आणि रडायला तर मुळीच पडत नाहीत. गाडी महापालिकेची, विद्युतदाहिनी महापालिकेची. सगळं मिळून हजाराच्या आत!

मंगळवार पेठेत कुणाकडे मयत झालं की गुरुजी रडणाऱ्यांच्याही आधी हजर! "बँड कशाला? जेवणावळ कशाला? छप्पन साली धम्म घेतला तो काय कर्ज काढून मरायला?" लोक ऐकत. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळलेला माणूस. निम्मी पेठ त्यांच्या हातून पाढे शिकलेली. मागे मात्र त्यांना सगळे 'दोन मेणबत्ती गुरुजी' म्हणत.

त्यांचा आणखी एक नियम होता. मयत थांबवायचं नाही. दिवस मावळायच्या आत उरकायचं. पलीकडच्या सुंदराबाईंचा नवरा गेला, तेव्हा त्यांचा मुलगा मस्कतला होता. "एक दिवस थांबू या का हो गुरुजी?" बाईंनी विचारलं होतं. गुरुजींनी समजावलं, "सुंदराबाई, गेलेल्याला काय कळतंय? बर्फाचा खर्च नि जिवंतांचे हाल!" पटलं त्यांना. निदान त्या गप्प बसल्या.

या सगळ्यावरून त्यांना एकच माणूस चिडवत असे, ते घरातलं. त्यांच्या बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या, जीभ शाबूत होती.

"अहो, जन्मभर स्वर्ग नाही म्हणून सांगत फिरलात. आणि आपल्या जवळची मसणवट कोणती, तर एक वैकुंठ नि दुसरी कैलास! आता बोला, मी कुठं जाऊ?"

"जिथे रांग कमी असेल तिथे!"

बाई खोकला येईपर्यंत हसल्या. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "संजय येईपर्यंत थांबाल ना?"

आणि नियमवाले गुरुजी, काही विचार न करता, "हो" म्हणून बसले.

सोमवारी दुपारी बाई गेल्या.

संजय त्यांचा थोरला. न्यूजर्सीत कॉम्प्युटरवर होता. तीन वर्षं 'पुढच्या दिवाळीला नक्की' चाललं होतं. पूर्वाने, म्हणजे धाकटीने, फोन लावला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तासाभराने त्याचाच फोन.

"बाबा, बुधवारी सकाळी मुंबईत उतरतोय. तुम्ही काही करू नका. मी सगळं ऑनलाइन बुक केलंय."

"ऑनलाइन? अरे मयत आहे, सिनेमाचं तिकीट नाही!"

"ऐका ना. एक फर्म आहे. त्यांच्याकडे बुद्धिस्ट पॅकेज आहेत. एक लोकल, एक एक्सपॅट. मी एक्सपॅट घेतलं."

"ते काय असतं?"

"परदेशात राहणाऱ्यांचं. मी परदेशातच राहतो ना?"

"किती?"

"बेचाळीसशे."

"रुपये?"

"डॉलर, बाबा."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गुणाकार पाण्याआधी बाहेर पडला. "चाळीसच्या भावाने एक लाख अडुसष्ट हजार! अरे, तेवढ्यात आपली एकशे अडुसष्ट माणसं जातील!"

"बाबा," संजयचा आवाज फाटला, "मला एवढंच करता येतंय हो इथून. एवढं तरी करू द्या."

गुरुजींनी फोन पूर्वाच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

फर्मची गाडी बुधवारी येणार होती. तोवर काय? गुरुजींनी पेठेत बर्फ कुठे मिळतो हेच कधी विचारलं नव्हतं! लोकांचे पैसे वाचवण्यात आयुष्य गेलेलं. अंधार पडायच्या आत दारात हातगाडी थांबली. वर भुशात गुंडाळलेल्या चार लाद्या. हातगाडीमागे सुंदराबाई.

"घ्या गुरुजी. उद्या सकाळी आणखी सांगितलाय."

"सुंदराबाई, मी तुम्हाला तेव्हा..."

"असू दे. पोराला तोंड दिसलं पाहिजे."

एवढंच बोलल्या. गुरुजींना मान वर करवेना.

बुधवारी सकाळी साडेआठला पांढरीशुभ्र गाडी गल्लीत शिरली. गल्ली एवढी अरुंद, की गाडीला वाट द्यायला तीन स्कूटरी आणि एक शेळी घरात घ्यावी लागली! गाडीतून काळा टाय लावलेला एक घामाघूम माणूस उतरला.

"मी उत्तरेश्वर. गाव बार्शी. कंपनीतर्फे आपल्या दुःखात सहभागी हाय." मग त्याने कागद चाळले. "मॅडमचा पासपोर्ट?"

"पासपोर्ट?"

"लागतो सर. पॅकेजमधी हाय."

आजवर गुरुजींनी मयताच्या पासासाठी रेशनकार्ड नेलेलं. पण एक लाख अडुसष्ट हजारांत रेशनकार्ड कसं चालेल! पासपोर्ट होता. नात झाली तेव्हा हौसेने काढलेला. व्हिसाची तारीख यायच्या आधी डायलिसिसची आली आणि पासपोर्ट लुगड्यांच्या घडीखाली कोराच राहिला. गुरुजींनी तो काढून दिला.

"कुठं पोचवायचं ते साहेबांनी फॉर्मात लिहिलंय. आम्ही व्यवस्थित पोचवतो. फ्लाइटचं टेन्शन घेऊ नका."

"फ्लाइट वेळेवर आहे," गुरुजी म्हणाले. "पोचवायचं ते फ्लाइटनंतरच, असं आमचं ठरलंय."

आता मंडळी, तुम्हीच सांगा, यात गुरुजींचं काय चुकलं? आपल्याकडे गेलेल्या माणसाला पोचवायचं म्हणजे कुठवर, हे काय लिहून द्यावं लागतं? चार माणसं जातात, पोचवतात, घरी येऊन आंघोळ करतात. पोचवण्यात विमान असतं असं कोणत्या पुस्तकात आहे?

शेवटी एक इंग्रजी कागद पुढे आला. वर ठळक अक्षरांत 'रिपॅट्रिएशन'. गुरुजींना वाटलं, अंत्यविधीला साहेबी भाषेत असंच काहीतरी भारदस्त म्हणत असतील. 'शब्द कळला नाही तर लाजू नका, हात वर करा' हे चौतीस वर्षं पोरांना शिकवणाऱ्या गुरुजींनी त्या दिवशी हात वर केला नाही. सही केली.

बायकांनी हंबरडा फोडला. "कुठं नेताय बाईला?"

"थंड जागेत," गुरुजींनी समजूत घातली. "संजय आला की परत आणतील. एकपर्यंत येतीलच."

गाडी गेली. घर एकदम मोठं झालं.

पूर्वा विहारात भन्तेंना वेळ सांगून परत आली, तोच तिचा मोबाइल वाजला.

"मॅडम, फर्मच्या मुंबई ऑफिसातून बोलतेय. एकच माहिती राहिली. न्यूजर्सीला बॉडी कोण घेणार?"

"कुठे?"

"न्यूजर्सी. इथे नाव आहे संजय रणपिसे. ते एअरपोर्टवर येतील ना?"

"एअरपोर्टवरच असेल तो!" पूर्वा किंचाळली. "पण मुंबईच्या! तो आईला पोचवायला आलाय!"

"ते कशाला आले?" मुंबई ऑफिस गोंधळलं. "पॅकेजमध्ये पोचवायचं काम आमचं आहे, मॅडम!"

पूर्वाने गुरुजींना सांगितलं. गुरुजी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. आई अमेरिकेला निघाली होती आणि मुलगा अमेरिकेतून आला होता! तीन वर्षं जी भेट जमली नाही ती आता कायमची चुकत होती, आणि तीही गुरुजींच्या सहीने!

"मच्छिंद्र!" गुरुजी गल्लीत ओरडले. "रिक्षा काढ!"

मच्छिंद्र त्यांचा जुना विद्यार्थी, तिसरीत दोनदा बसलेला. "कुठं जायचं, गुरुजी?"

"मुंबईला!"

एरवी पुण्याचा रिक्षावाला चौकापलीकडे यायलाही नाही म्हणतो. मच्छिंद्रने मीटरसुद्धा न पाडता किक मारली. मागे गुरुजी आणि पूर्वा. उत्तरेश्वरचा नंबर मिळाला होता, पण उचलत नव्हता. शिवाजीनगर गेलं, दापोडी गेली, निगडी गेली. रिक्षा चाळिसावर गेली की सुटायला आल्यासारखी थरथरे. प्रत्येक पांढरी गाडी दिसली की गुरुजी बाहेर वाकून "थांबा! थांबा!" ओरडत. एक दुधाची गाडी थांबलीसुद्धा!

देहूरोडच्या पुढे फोन लागला.

"बोला सर," उत्तरेश्वर काहीतरी खात होता.

"कुठे आहात?" पूर्वा ओरडली. "कुठे आहे माझी आई?"

"कामशेतला. जुन्या रस्त्यानं निघालोय. एक्स्प्रेसवेला टोल पडतो ना."

पॅकेजमध्ये टोल धरलेला होता, तो उत्तरेश्वर वाचवत होता. जन्मभर मयताचा खर्च वाचवणाऱ्या गुरुजींना दुसऱ्याने वाचवलेल्या खर्चाबद्दल पहिल्यांदाच गहिवरून आलं!

"तिथून हलू नका! गाडी परत फिरवा!"

"फिरवतो की. पण ज्यानं बुकिंग केलंय त्यानंच कॅन्सल करायचं असतं. त्याशिवाय गाडीचं तोंड वळवलं तर माझी नोकरी जाती."

ज्याने बुकिंग केलं तो त्याच वेळी मुंबईत बॅगेची वाट बघत उभा होता. पूर्वाने त्याला गाठलं. "दादा, टॅक्सीवाल्याला सांग, जुन्या रस्त्याने कामशेत. नाही, घरी नाही. कामशेत! का ते विचारू नकोस!"

कामशेतला एका हॉटेलसमोर रिक्षा थांबली तेव्हा पांढरी गाडी चिंचेखाली उभी होती. उत्तरेश्वरने टाय सोडून खिशात कोंबला होता. त्याने मागचं दार उघडलं आणि बाजूला झाला. आत गारवा होता. पांढऱ्या साडीत प्रेमलाबाई. पायाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट.

गुरुजी दाराशी बसले. दोन तास बसले. मधे उत्तरेश्वर म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. माझी आई गेली तेव्हा मी हैदराबादला गाडीवर होतो. मी असली चूक मुद्दाम केली नसती." गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चूक कबूल करणाऱ्या पोराला त्यांनी कधी छडी मारली नव्हती.

दुपारी एकच्या सुमाराला टॅक्सी आली. संजय उतरला. पोट सुटलेलं, कानशिलं पांढरी, गळ्यात विमानातली उशी तशीच. त्याने हॉटेल बघितलं, रिक्षा बघितली, उघडं दार बघितलं.

"इथे? आई इथे का?"

पूर्वा तडकली. "फॉर्ममध्ये कुठे पोचवायचं म्हणून काय लिहिलंस?"

"होम. घरी म्हणून..." तो थांबला. बोटांनी काय टाइप केलं होतं ते आता त्याला दिसत असावं. घराचा नंबर, रस्ता, एडिसन, न्यूजर्सी. "बाबा, मी घराचा पत्ता दिला हो. मला कळलंच नाही मी कुठल्या..."

पूर्वाच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं.

"ये," गुरुजी म्हणाले. "आधी बघून घे."

संजय आत चढला. आईच्या गालाला हात लावला आणि गार लागल्यावर दचकून काढला. मग दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ त्याची पाठ हलत राहिली. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"बाबा, आईला थांबवायला हवं होतं हो घरीच. माझ्यासाठी."

"थांबते कसली!" गुरुजी म्हणाले. नेहमीचा आवाज काढायचा प्रयत्न होता, जमला नाही. "तीन वर्षं तू येतो येतो म्हणालास. शेवटी तीच निघाली होती तुला आणायला."

मग तिथेच, चिंचेखाली, गुरुजींनी हात जोडले. पेठेत विधी व्हायचा होताच, भन्ते वाट बघत होते. पण संजयचं रडू थांबेना आणि गुरुजींना पोरांना शांत करायची एकच रीत येत होती, ती म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं. "बुद्धं सरणं गच्छामि." मच्छिंद्र उभा राहिला. टॅक्सीवाला उभा राहिला. बार्शीचा उत्तरेश्वर एकेक शब्द अर्धा मागून म्हणत होता. संजयला तिसऱ्या शीलाशी शब्द आठवेनात. गुरुजींनी त्याच्याकडे न बघता पुढचा शब्द सुचवला, वर्गात सुचवावा तसा.

चौथ्या शीलाला हॉटेलचा भोंगा खरखरला.

"एक्केचाळीस नंबर! दोन वडापाव तयार! एक्केचाळीस!"

उत्तरेश्वरने जोडलेल्या हातांत काहीतरी घट्ट दाबून धरलं. कागदाचा चिटोरा होता. पाचवं शील झालं.

"एक्केचाळीस नंबर! अहो एक्केचाळीस!"

"तुमचा का?" गुरुजींनी विचारलं.

उत्तरेश्वरची मान खाली. "सर, तुम्ही यायच्या आधी सांगितला होता. तीनदा गार झाला म्हणून परत तळाया टाकला. आता नको. मयत समोर असताना..."

"जा, घेऊन या."

"बाबा!" पूर्वा म्हणाली.

गुरुजींनी शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला, संजयच्या गळ्यातली उशी काढून काखेत धरली आणि उत्तरेश्वरला म्हणाले,

"आणि दोन जास्त सांगा. ह्याला विमानातलं कधी पोटभर होत नाही, असं ती म्हणायची."