जोडनावेची नाळ बुडाली ते वर्तमान

श्री दर्याराज प्रसन्न. समुद्राने राखिले म्हणोन सांगणारी, दुसऱ्या नावेतली एक सून, उरली, तिने स्मरेल तैसे सांगितले. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी दोन खाड्यांमधील राज्यात ऐसे जाहले. तेथील चाल ऐसी की, वर्षातून एके दिवशी प्रत्येक मानकऱ्याचे घरच्या दोन सुनांनी जोडनाव हाकावी. जोडनाव म्हणजे दोन बारीक होड्या, त्यांची पुढली टोके त्या नाळी, मध्ये आडवे वासे, वरी ताणिलेले जाळे आणि एक शीड. कासवखडकास दोन फेरे घालोन जी नाव आधी येई, तिच्यातील एकीस निवडोन राजमातेने वर्षभर उजवे हाती बसवावे.

नऊ वर्षे चुलत जावेसंगे नाव हाकोन तो मान राजघरच्या थोरल्या सूनबाई सगुणाबाईंचा. मग धाकटी जाऊ गोजराबाई दर्यावर्द्याचे घरची आली, आणि सरावात नाव ऐसी धावली की काठचे लोक "धाकट्या बाईसाहेब!" म्हणोन ओरडले, आणि राजमाता म्हणाल्या, "पोर गुणाची हो." थोरल्या बाईंस दोन दिवस अन्न गोड लागेना.

शर्यतीचे दिवशी वारा चढला. सुकाणूवर बसोन गोजराबाई म्हणाल्या, "जाऊबाई, झोत आला की मागे या, मला अगदी खेटून बसा आणि शिडाचा दोर सैल सोडा. नाहीतर नाळी पाण्यात घुसतील."

"मागे, तुझ्याशी खेटून बसू? माझी बटीकसुद्धा बसायची नाही!"

आणि दरबारी वडीलधाऱ्यांची जागा पुढे, तैसीच नावेत पुढे, म्हणोन थोरल्या बाई अगदी नाळेशी बसल्या आणि दोर मनगटास गुंडाळोन घेतला. मग झोत आला आणि दोन्ही नाळी पाण्यात शिरल्या आणि मागली बाजू आभाळी गेली आणि बाईसाहेब नथीसकट समुद्रात गेल्या. धाकटीने बुडी मारोन दोर सोडविला आणि वेणीस धरोन त्यांस वर काढिले. थोरल्या बाई खोकत म्हणाल्या, "वेणी सोड, लोक पाहताहेत!" पाहतात तो अवघ्या मानकऱ्यांच्या नावा तैशाच उलटलेल्या, कारण अवघ्या थोरल्या सुना पुढे बसल्या होत्या.

मग दोघींनी एका होडीवर पाय रोवोन, दोर ओढोन नाव उभी केली. दुसरा फेरा. वाऱ्याचा झोत पुन्हा येताना दिसला आणि थोरल्या बाई सरपटत मागे आल्या आणि खांद्यास खांदा लावोन दोर सैल सोडिला. नाळी वर राहिल्या. नाव पहिली आली.

राजमातेने धाकटीस हात केला. तो गोजराबाई म्हणाल्या, "मागे बसोन वजन धरिले ते जाऊबाईंनी. मान त्यांचा." मान थोरल्या बाईंस मिळाला आणि जळफळाट दुप्पट जाहला, कारण तो हिने दिलेला.

पुढे थोरल्या बाईंनी हुकूम काढिला की, जोडनावेत वडीलधाऱ्यांची जागा मागे, आणि ही युक्ती आपली. राजमाता दोन वर्षांनी निवर्तल्या. गोजराबाई नवऱ्याबरोबर उत्तरेचे ठाण्यावर गेल्या, तेथे तीन लेकरे जाहली, आणि चाळिशीत तापाने गेल्या. थोरल्या बाई ऐंशीपर्यंत जगल्या. धाकटी गेल्याचे वर्तमान आले ते दिवशी त्या नावेच्या जाळ्यावर मागे जाऊन बसल्या, शेजारी एकीपुरती जागा सोडली आणि म्हणाल्या, "मरणातही माझ्यापुढे गेलीस. मीच सांगायला हवं होतं, मागे सर म्हणून."

येणेप्रमाणे वर्तमान. त्या जागी नंतर थोरल्या बाईंनी कोणास बसू दिले नाही.