तळवडेकरांचा राष्ट्राध्यक्ष

आमच्या वरच्या मजल्यावरचे तळवडेकर रोज सकाळी मला जिन्यात गाठायचे आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची तक्रार करायचे. 'गुड मॉर्निंग' नाही, 'कशा आहात' नाही. थेट, "वैनी, काल परत उधळल्यान!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गावाकडच्या भावाबद्दल बोलताहेत. मी हळूच विचारलं, "पितात का ते?"

"ता माका म्हायत नाय. पण विजेच्या गाडये घेवक लोकांका सरकारी पैशे वाटता हा!"

हा भाऊ वॉशिंग्टनला राहतो, हे मला तेव्हा कळलं.

आमची बिल्डिंग बहारीनमध्ये, मुहर्रकला, विमानतळाच्या अगदी शेजारी. डोक्यावरून विमान गेलं की कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. बाकीचे लोक विषय सोडून देतात. तळवडेकर तोंड उघडं ठेवून थांबतात आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

सित्र्याला एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये ते बावीस वर्षं आहेत. तिथे त्यांचा एकच कायदा: 'जुनो दाखय, नवो घे.' फाटका हातमोजा जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. एका फिटरचा उजवा हातमोजा फाटला, तर यांनी उजवाच दिला. डावा अजून चांगला होता म्हणे. हाच कायदा त्यांनी अमेरिकेला लावला होता. "नवी योजना काढतंस? मगे जुनी बंद केलेली दाखय!" मोबाइलवर तिकडचे सरकारविरोधी चॅनल बघून ते स्टोअरच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर टिपणं काढत. विद्यार्थ्यांची कर्जमाफी ऐकली त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला होता.

मी स्पष्ट बोलणारी बाई. एकदा म्हटलं, "भाऊजी, पासपोर्ट तुमचा भारताचा, व्हिसा बहारीनचा. तुम्हाला कशाला हवी अमेरिकेची उठाठेव?"

"दिनार डॉलराक बांधलेलो असा, वैनी. थंय डॉलर बुडलो, काय हंय दिनार खलास!"

मी भाजी आणायला निघून गेले.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी चार वाजले की वरून जोरजोरात भांडण ऐकू यायचं, चांगलं पाऊण तास. आमचे हे म्हणायचे, "टीव्हीशी भांडतोय. बायको गेल्यापासून माणूस बिथरलाय." मालनवहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मीही तसंच धरून चालले होते.

मग तिकडे निवडणूक झाली आणि तळवडेकरांचा शत्रू पक्ष हरला. आता हा माणूस पेढे वाटणार, अशी आमची खात्री. पण आठवडाभर जिन्यात आवाज नाही. शेवटी शुक्रवारी मीच वाटीभर शिरा घेऊन वर गेले. म्हटलं, "अभिनंदन! जुना जमा झाला, नवा मिळाला. तुमच्याच कायद्याने."

ते हसले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर घेतला. त्यांची मुलगी प्राची, अमेरिकेत नोकरी करते. गाडी चालवत ऑफिसला निघालेली.

"हाय बाबा. तुमचा माणूस आला. आता प्लीज नो पॉलिटिक्स, ओके?"

"बरा."

"जेवलात?"

"जेवलंय."

"गोळ्या?"

"घेतलंय."

"ओके देन. बाय, बाबा."

दीड मिनिट. तळवडेकर बंद झालेल्या फोनकडे बघत बसले. म्हणाले, "ऑफिसात पोचाक तिका चाळीस मिन्टां लागतत."

मग एकेक कळत गेलं. पूर्वी प्राचीचा फोन यायचा तो आईसाठी. यांचं बोलणं म्हणजे एवढंच: "थांब, आवशीक देतंय." आई गेल्यावर फोन द्यायला कुणी उरलं नाही. जेवलात, गोळ्या, बाय. एकदा यांनी सहज राष्ट्राध्यक्षाच्या खर्चाला नावं ठेवली, तर पोरगी उसळली. ती त्याच पक्षाची निघाली. ऑफिस येईपर्यंत भांडली, आणि आल्यावरही गाडी पार्किंगला लावून आतच बसून राहिली, भांडण पुरं करायला. त्या दिवसापासून तळवडेकर दर शुक्रवारच्या भांडणासाठी रजिस्टरात टिपणं काढायला लागले.

"मग नव्यालाही धुवा," मी म्हटलं. "तोही उधळेलच की."

"मगे ती म्हणतली, 'राइट, बाबा.' खलास! भांडाण मफी, उरलाच नाय!"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. "मग नव्याची बाजू घ्या!"

तळवडेकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना न बघता हातमोजे वाटायला सांगितलं होतं. "मी? सरकारी खर्चाची बाजू?"

"हो. शिरा खा आणि विचार करा."

पुढचे सात दिवस त्यांनी जिन्यात माझ्यासमोर सराव केला. "वैनी, ऐका हां. नवो खर्च करता हा, पण..." त्या 'पण'पाशी गाडी अडायची. मंगळवारी तर घाम फुटला. गुरुवारी एकदाचे म्हणाले, "...पण गरज आसतली तेका." आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

शुक्रवारी मी आमच्या ह्यांना टीव्ही बंद करायला लावला. चार वाजता वर फोन वाजला. जेवलात झालं, गोळ्या झाल्या. मग तळवडेकरांचा चाचरत आवाज, आणि पाठोपाठ प्राचीची किंकाळी, "बाबा! आर यू सिरियस?"

पंचेचाळीस मिनिटं झाली तरी वर दोघं तावातावाने चालूच होती. मी कणीक मळायला घेतली, तेव्हा एक विमान गेलं आणि ते जाताच वरून तळवडेकर ओरडले,

"अगो, पोचलंस मां? मगे इंजिन बंद कर! पेट्रोल कित्या जाळतंस? बंद कर, आणि मगे भांड!"