रिकाम्या पुलाची चौदा पानं

लोकरीचे तीन स्वेटर. बाहेर तीस अंश.

मुलींच्या मापाचे गुलाबी हातमोजे, बहारीनमधल्या सीफच्या मॉलमधून सेलमध्ये घेतलेले, दोन्ही डाव्या हाताचे.

खजुरांची सहा पाकिटं.

अरादच्या घराखालच्या मजल्यावर दुपारी चार वाजता घोरत पडलेला मार्कस.

पाव टाकी पेट्रोल.

तीन पापलेटं.

आणि एक पीडीएफ. पानं चौदा. नाव: 'ईद पूल फायनल फायनल तीन'.

एवढ्या गोष्टींची मोट एकट्याने बांधायची तर माणूस तसाच कर्तबगार हवा. शैलेंद्र होता. एका बांधकाम कंपनीत तो प्लॅनिंग इंजिनिअर होता. म्हणजे इमारत कधी पूर्ण होणार हे आधी सांगायचं आणि का झाली नाही हे नंतर सांगायचं. दोन्ही कामं तो सारख्याच आत्मविश्वासाने करत असे.

गेल्या ईदला तो बायको सुनंदा आणि मुलगी इरावती यांना घेऊन दुबईच्या मॉलमधला बर्फाचा डोंगर दाखवायला निघाला होता. बहारीनहून गाडीने दुबईला जायचं म्हणजे आधी समुद्रावरचा पूल, मग सौदीचं वाळवंट. प्रकरण वाळवंटापर्यंत गेलंच नाही. सुट्टीला निघालेलं अख्खं बेट पुलावर उभं होतं. सात तासांनी तिघं मागे फिरली. नऊ वर्षांच्या इरावतीने सुट्टीतला फोटो म्हणून वर्गात पुलाचा फोटो दाखवला. तो बघून तिची मैत्रीण उमैमा म्हणाली, "युअर फॅमिली ओन्ली गोज टू द ब्रिज?"

हे वाक्य त्या घरात वर्षभर भाडं न देता राहत होतं. म्हणून या ईदला सगळं पक्कं होतं. तिघांचे व्हिसा, हॉटेल, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा इरावतीचा स्कीइंगचा क्लास. आणि सुनंदाची अट.

"या वेळी जर पुलावरून परत आलो ना, तर यापुढे या घरातल्या ट्रिपा मी ठरवणार. तू फक्त बॅगा उचलायच्या."

"या वेळी पूल रिकामा असेल," शैलेंद्र म्हणाला. "तसं ठरवलंय मी."

*पान सहा. रमजानच्या शेवटच्या दिवशी मगरिबची (सूर्यास्ताची) अजान होताच सर्वजण इफ्तारला बसतात. पुढील पस्तीस मिनिटे रस्ते मोकळे असतात. या पस्तीस मिनिटांत पूल ओलांडावा.*

शोध थोर होता. खालच्या मजल्यावरचा मार्कस, मूळचा वसईचा, हॉटेलच्या कोठाराचा सुपरवायझर, त्याला तेवढा थोर वाटला नव्हता. "पूल काय पळून जातोय काय रे?" एवढंच तो म्हणाला होता. अशा माणसांसाठी शोध नसतातच. मग शैलेंद्रने पीडीएफ ऑफिसातल्या जयेशला पाठवली. फक्त जयेशला. कुणालाच न दाखवलेली हुशारी असून नसल्यासारखी, आणि जयेश दाद देण्यात पटाईत होता.

निघायच्या दिवशी पावणेचारलाच सुनंदाने बॅगा गाडीत टाकल्या. डब्यात थेपले, थर्मासमध्ये चहा, घरचा गॅस बंद. चार वाजता ती दारात चपला घालून उभी राहिली.

"चल. तयार आहोत, निघूया."

"चार वाजता?" शैलेंद्रला तिची कीव आली. "अगं, चारला लोक इफ्तारसाठी घरी पळत असतात. पान चार वाच. सव्वापाचला निघायचं, अजानीला पुलावर."

"मग तोवर काय करायचं?"

"स्वेटर घालायचे. पान तीन."

*पान तीन. लोकरीचे कपडे घरूनच अंगावर घालावेत. बॅगेतील जागा व दुबईतील वेळ वाचतो.*

तेव्हा तिघं स्वेटर घालून सव्वा तास सोफ्यावर बसली. खालून मार्कसचं घोरणं जिन्याने वर येत होतं. "बाबा, आर वी देअर येट?" इरावतीने सोफ्यावरूनच विचारलं.

सव्वापाचला गाडी निघाली आणि पहिली वीस मिनिटं शैलेंद्रच्या आयुष्यातली सर्वोत्तम होती. हायवे मोकळा. सीफचे टॉवर्स सरकन मागे गेले. पेट्रोल पंपावर ईदची ही लांबलचक रांग होती. शैलेंद्रने तिच्याकडे बघून हॉर्न वाजवला, श्रीमंत माणूस भिकाऱ्याकडे बघून नाणं वाजवतो तसा.

"काटा खाली आलाय हं," सुनंदा म्हणाली.

"पान पाच."

*पान पाच. पंपावर रांग लावू नये. पाव टाकीत पूल तीनदा ओलांडता येतो. पेट्रोल पलीकडे भरावे.*

मग वळण आलं, वळणाच्या पुढे पूल आला, आणि पुलावर लाल दिवे लागले होते. एक नाही, दोन नाही. क्षितिजापर्यंत. कुणीतरी समुद्रावर लाल मिरच्या वाळत घातल्यासारखे.

"ॲक्सिडेंट असेल," शैलेंद्र म्हणाला.

शेजारच्या गाडीची काच खाली झाली. आत जयेश. लोकरीची टोपी, मफलर, घाम.

"शैलेंद्रभाऊ! मानलं राव! काय प्लॅन आहे!"

"तू इथे काय करतोयस?"

"पान सहा."

"अरे, मी फक्त तुला दिला होता!"

"मी पण फक्त वॉरनला दिला. आईशप्पथ."

"आणि वॉरनने?"

"फक्त लेस्टरला. पण लेस्टर ट्रॅव्हलच्या ग्रुपचा ॲडमिन आहे ना, बाराशे मेंबर. तिथून मल्याळममध्ये पण आला म्हणे. चांगला झालाय."

"चौदाव्या पानावर काय लिहिलंय?" शैलेंद्र ओरडला.

जयेश गोंधळला. "चौदावं कोण वाचतं? थँक्यूचं असतं ना ते?"

*पान चौदा. हा प्लॅन गुप्त ठेवावा. सर्वांनी वापरल्यास उपयोग नाही.*

शैलेंद्रने आजूबाजूला बघितलं. पुढच्या गाडीत कानटोप्या. डावीकडे स्वेटर. मागे एक पूर्ण कुटुंब मफलरमध्ये, काचांवर वाफ. तीस अंशांत एवढी लोकर त्या समुद्राने पूर्वी पाहिली नसेल. तेवढ्यात अजान झाली आणि मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग पूर्ण थांबली.

"आता का थांबलं?" सुनंदाने विचारलं.

"इफ्तार."

"आपण नाही ना करत इफ्तार."

"पासपोर्टच्या काउंटरवरची माणसं करत असतील."

सुनंदाने नवऱ्याकडे शांतपणे बघितलं. "ती पण रोजे धरतात? कुठल्या पानावर आहे हे?"

कुठल्याच नव्हतं.

पांढऱ्या पायघोळ अरबी तोबातले एक पोट सुटलेले चाचा गाड्यांमधून खजुरांची पाकिटं वाटत आले. "यल्ला, यल्ला, रमदान करीम," अशी घाई करत त्यांनी खिडकीतून तीन पाकिटं आत टाकली, तिघांच्या स्वेटरांकडे बघितलं, काहीतरी विचारणार होते, मग माणुसकीने पुढे गेले. पाऊण तासाने ते पुन्हा आले तेव्हा गाडी त्याच खांबाजवळ होती. आणखी तीन पाकिटं. या वेळी त्यांनी इरावतीच्या डोक्यावरून हातही फिरवला.

काउंटर केव्हाच सुरू झाले होते. रांग मात्र हलेना. शैलेंद्रने खाली उतरून लेन बदलता येते का ते बघितलं. उजवीकडच्या गाडीतून एका बाईने त्याला टिचकी वाजवून बोलावलं. या शरीफुन्निसा, हैदराबादच्या, पुढच्या सीटवर स्वतः शॉलमध्ये, मागे चार मुलं.

"भाईसाब, आप तीसरे लेन में कायकू खड़े? पेज नाइन नहीं पढ़े क्या?"

"कसला... कौनसा पेज?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. तेच तक्ते, तेच बाण, तीच त्याच्या हातची बेरजेची चूक. वर ठळक अक्षरांत: 'फराजभाई का ईद फॉर्म्युला'.

"मैडम, ये मैंने लिखा है!"

"हौ, सब यहीच बोल रहे," शरीफुन्निसा म्हणाल्या. "अब्बी एक मलयाली भाई भी बोल के गए." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आपके पास थोड़ा पेट्रोल होगा क्या? हमारी तो बंद पड़ गई. वो पेज फाइव…"

तेव्हा शैलेंद्रला कळलं की रांग का हलत नाही.

पुढे पाच-सहा गाड्यांचे पिवळे दिवे उघडझाप करत होते. जयेशचेही. स्वेटरांमुळे सगळ्यांनी एसी फुल ठेवला होता, एसीने पाव टाकी गिळली होती, आणि पलीकडे पेट्रोल भरण्यासाठी आधी पलीकडे पोचावं लागतं हा तपशील बाराशे मेंबरांतल्या एकालाही सुचला नव्हता. शैलेंद्र परत येऊन बसला. त्याच्या काट्याशेजारी एक छोटा केशरी दिवा लागला होता.

"एसी बंद करू?" त्याने विचारलं.

"बाबा," इरावती मागून म्हणाली, "आय कॅन सी द ब्रिज." तिने फोटो काढला नाही. ते जास्त लागलं.

शेवटी त्यांचंही पेट्रोल संपलं आणि टो ट्रकने त्यांना मागे आणलं. त्या प्रवासात सुनंदा एकच वाक्य बोलली, तेही ट्रकवाल्याशी: "भय्या, धीरे चलाओ, थेपले हैं."

ईदच्या दिवशी दुपारी इरावती स्वेटर आणि हातमोजे घालून जिन्यात बसली होती. अकराचा क्लास दुबईत तिच्याविना होऊन गेला होता. मार्कस दोन थर्माकोलच्या पेट्या घेऊन वर आला. हॉटेलातून मासळी आणि मासळीचा बर्फ आणायचा त्याचा जुना हक्क होता.

"काय गं बाय, लंडनला चाललीस काय?"

"नो. वी वेंट टू द ब्रिज."

मार्कसने तिच्याकडे बघितलं, पेट्यांकडे बघितलं, तिला गच्चीत नेलं आणि दोन्ही पेट्या पालथ्या केल्या. तीन पापलेटं बाजूला सारली. "सिसिलिया, तुझा तो केकचा मोठा ट्रे आण गं!" त्याने खाली बायकोला हाक मारली. पाण्याच्या टाकीशेजारच्या उतारावर पाच मिनिटांपुरता डोंगर तयार झाला. इरावती ट्रेवर बसून तीनदा घसरली. चौथ्यांदा उताराला बर्फ उरला नव्हता, तरी घसरली. शैलेंद्रने फोटो काढला: बर्फ, गुलाबी नाक, हात वर, उजव्या हाताचा अंगठा भलत्याच बाजूला.

इरावतीने तो पाठवला आणि उमैमाचं उत्तर लगेच आलं. "वॉव! स्नो!" मग थोड्या वेळाने: "इज दॅट अ फिश?"

"यस," इरावतीने ऐटीत लिहिलं. "स्नो फिश."

संध्याकाळी शैलेंद्रने लॅपटॉप उघडला. "बकरी ईदला चूक होणार नाही. बघ, इफ्तार नसतं तेव्हा. म्हणजे मुख्य अडचणच…"

सुनंदाने लॅपटॉप उचलला, चौदा पानं निवडली, पुसली आणि एक ओळ टाइप केली. *तयार झालो की निघायचं.* मग लॅपटॉप त्याच्या हातात दिला.

"यात वेळ कुठे आहे?" शैलेंद्र म्हणाला. "आधार काय याला? आकडे कुठेत?"

"बॅगा उचल," सुनंदा म्हणाली. "प्रॅक्टिस कर."

रमजानच्या त्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार ते पाच, पूल रिकामा होता.