खंडारे मास्तरची तिफन

खंडारे मास्तर स्वतःला प्रोग्रामर म्हणवतो आणि प्रोग्राम लिहीत नाही. दुसरा कोणी लिहिताना दिसलाच तर त्याच्या पाठीशी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "हातानं लिहिते तो हमाल!" हा माणूस माझ्याकडे पगारावर आहे.

अमरावतीत कोर्टाबाहेर टाइपरायटर दुरुस्त करत मी धंद्याला लागलो. आज माझं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. दुकानच म्हणतो. ऑफिस म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करायला लाजतं, आणि घासाघीस केल्याशिवाय मला जेवण जात नाही. अशा माझ्या दुकानात मास्तर एसी लावला की स्वेटर चढवतो आणि एसी बंद केला की भांडतो. "मशीनले थंडी पाह्यजे शेठ, मले नाई." वीजबिल बाकी मलाच.

पूर्वी तो अकोल्यात कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचा. तिथून येताना त्याने आपली तिफन आणली. शेतातली तिफन एका फेरीत तीन ओळी पेरते. मास्तरची कोड पेरते. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून प्रोग्राम बनवतो, त्याला जोडायचं ते एक एक्स्टेंशन. ते एका वेळी एक प्रश्न विचारतं. नाव काय? रकाने कोणते? छापायचं का? उत्तरं दिली की माहिती भरायचा फॉर्म, साठवणीची सोय आणि छपाई, तिन्हींचा कोड आपोआप तयार. तोवर मास्तर घोरतो. मी बोललो तर एक डोळा उघडून म्हणतो, "पेरनी चालू हाय."

घोरणं मी सहन केलं असतं. पण कापसानं दगा दिला तशा माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकेक जिनिंग बंद पडली. कृषी केंद्रवाल्यांची उधारी गावोगाव अडकली; त्यांना नवं सॉफ्टवेअर कोण विकणार? उरले संत्रावाले. वरूड आणि शेंदूरजनाघाटच्या पॅकिंगवाल्यांचं काम मी नागपूरच्या पार्टीच्या तोंडातून काढून आणलं. ते हातचं गेलं असतं तर दुकानाला कुलूपच. अट एक होती: सगळं आमच्या त्या प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत बनवून द्यायचं, तेही हंगाम सुरू व्हायच्या आत.

आणि नव्या आवृत्तीत तिफन बसेना. "इथे चालत नाही" एवढं सांगून अडून राहिली, अगदी धन्यासारखी.

मी चौकशी केली. कोणत्या आवृत्तीपर्यंत चालायचं, हे एक्स्टेंशनच्या आत एका ओळीत लिहिलेलं असतं. तो आकडा वाढवायचा, काम खतम. मास्तरला तसं सांगितलं.

"आकडा वाढवला की झालं म्हनते! बुढ्या बैलाची शिंगं रंगवली तं तो तरना होते काय बे?"

"होत नाही. पण बाजारात विकला जातो."

फणफणत का होईना, त्याने आकडा वाढवला, आतली थोडी खुडबूडही केली. तिफन नव्या आवृत्तीत उघडली, प्रश्न विचारले, कोड काढून दिला. मी पेढे मागवणार, तेवढ्यात त्याने सगळं बंद केलं.

"नाई झाली."

"काहून नाही झाली? मी माझ्या डोळ्यांनी पाहिली ना!"

"डोळ्यांनी पाह्यली. तेच तं!" एवढं बोलून पासवर्ड लावला आणि गेला.

मग दर शनिवारी तो अकोल्याला जाऊ लागला. विचारलं की, "पाव्हन्याकडं." मास्तरला पाहुणे असतील यावर माझा विश्वास नव्हता, याला कोण चहा पाजणार? अकोल्याची एक पार्टी माझ्या संत्र्यावर डोळा ठेवून होती, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. एका शनिवारी मी त्याच्याच एसटीत मागच्या सीटवर तोंड लपवून बसलो. मूर्तिजापूरपर्यंत तो खिडकीवरून शेजाऱ्याशी भांडला आणि पुढे झोपला. अकोल्यात उतरून जुन्या शहरातल्या एका बोळात शिरला. थोडं थांबून, तोंडात चांगल्या निवडक शिव्या तयार ठेवून, मीही त्या दारात उभा राहिलो.

आत मास्तर कॉम्प्युटरसमोर बसला होता. डोळ्यांवर दुपट्टा करकचून बांधलेला. स्क्रीन बंद. शेजारच्या खुर्चीवर एक बाई हसत होती.

"चुकले सर! दोनदा बटन दाबलं तुमी."

"तू चूप राह्य."

बाईंनी पावलं ऐकली आणि दाराकडे मान वळवली, पण नजर माझ्यावर आली नाही. "कौन?"

मी नाव सांगितलं. "या शेठ, सर लय सांगतात तुमचं," त्या म्हणाल्या. काय सांगतो ते मी विचारलं नाही.

नाझिया नाव त्यांचं. मास्तरच्या क्लासवर शिकत असतानाच त्यांची नजर गेली. क्लासवाल्यांनी फी परत करून घरी बसवलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज असतो, पण लांबलचक कोड कानाने ऐकून लिहायचा म्हणजे एखादा ठिपका सुटतो आणि दिवस वाया जातो. म्हणून मास्तरने तिफन बनवली. प्रश्न ऐकायचा, उत्तर द्यायचं, पुढचा ऐकायचा. त्यावर या बाई घरबसल्या दूध डेअरीवाल्यांची कामं करतात. आता त्यांनाही नवी आवृत्ती हवी, आणि तिथे तिफन उघडते खरी, पण स्क्रीनवरच्या तिच्या खिडकीपाशी येऊन वाचणारा आवाज बंद पडतो.

"गूंगी हो गई," नाझिया म्हणाल्या. "सर, शेठला देऊन टाका ना. संत्रा थोडीच थांबते. माझं मागून करा."

"नाई." दुपट्ट्याखालून आवाज आला. "शेठचं काम झालं की मी घोरतो. मंग मागून काईच होत नाई. मले मी ठावा हाय."

एवढं खरं बोललेला मास्तर मी पहिल्यांदाच ऐकला. तयार ठेवलेल्या शिव्या वाया गेल्या. बोळात येऊन वरूडच्या पॅकिंगवाल्याला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा कोणाकडे मुदत मागितली. त्याने माझ्यापेक्षा निवडक शिव्या दिल्या. मग आठवडा दिला. मी दहा दिवसांवर तोडलं.

परत आत आलो तर नाझिया चहा ठेवायला गेल्या होत्या. मास्तर तसाच, डोळे बांधून, बटनं चाचपत होता. अचानक मशीन खरखरलं आणि बायकी आवाजात तिफनचा पहिला प्रश्न बोललं.

मास्तर ताठ झाला. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, मी कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाला, "आलं का वं ऐकू?"

"आलं," मी म्हटलं.

"तुले कोनं इचारलं?" तो खेकसला, आणि दुपट्टा न सोडताच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.